बारीक सेलचा मोठा फ्रॉड

४ ऑक्टोबर १९९८, रविवार

आजपासून रोजनिशी नियमित. रागाच्या भरात काही लिहायचं नाही. फक्त फॅक्ट्स.

गुरुवारी, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, सांगलीत गाडी घेतली. पांढरी मारुती. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. थोरल्या भावाची, केरूदादाची, वडापची जीप मी धरत नाही. पलूस ते सांगली माणसं कोंबून नेते, त्याला चारचाकी कोण म्हणेल?

सांगलीतच भाऊसोच्या दुकानात रिमोट लॉक बसवून घेतलं. बटण दाबलं की चारी दारं बंद, गाडी म्हणते टुक. परत दाबलं की टुक टुक, दारं उघडी. रिमोट न दाबता कोणी दार उघडलं तर सायरन बोंबलतो आणि इंजिन चालू होत नाही. भाऊसो म्हणाला, साहेब, डॅशबोर्डखाली एक चोरबटण पण लावतो, रिमोट नाही चालला तर त्यानं सगळं बंद करता येतं. मी म्हणालो, नको, जे मला सापडेल ते चोरालाही सापडेल. त्यानं वायर परत गुंडाळून ठेवली. पटलेलं दिसलं.

तिथून गाडी पलूसला, आईकडं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं तिनं बॉनेटवरनं हात फिरवून गाडी बघितली. टुक टुक ऐकून म्हणाली, आत पाखरू हाय व्हय रं? केरूदादा म्हणाला, लय भारी. बास, एवढंच. मत्सर माणसाला कमी बोलायला लावतो.

आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन थंडीत सांगलीला करायचं ठरलंय. सर्वांसमोर जाहीर केलं : आईला मी नेणार, माझ्या गाडीतून. एका क्लास टू अधिकाऱ्याची आई वडापमध्ये कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून हॉस्पिटलात जाणार नाही. केरूदादा म्हणाला, बरं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

इथं साताऱ्याला ऑफिसात माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं. सुरक्षेच्या दृष्टीनं अधूनमधून बटण दाबून गाडी चेक करतो. ती टुक म्हणते, मी कामाला लागतो. कार्यक्षमता वाढली आहे.

अकाउंट्सचे सयाजीराव म्हणाले, परत एकदा दाखवा बघू. दाखवलं. मग आस्थापना शाखा आली. त्यांनाही दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूमचे लोक आले, ते मागं राहिले होते. कोणाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

घरी आल्यावर गॅलरीतून रेंज चेक केली. मग गच्चीवरून. पाण्याच्या टाकीमागून पण चालतं! नीलिमा खालून म्हणाली, अहो, जेवायला येता का मी झाकून ठेवू?

२६ ऑक्टोबर, सोमवार

फ्रॉड. सरळ सरळ फ्रॉड.

ऑफिस सुटलं. सगळे जिन्यावर. मी नेहमीप्रमाणं जिन्यावरूनच बटण दाबलं. काही नाही. खाली उतरलो, दाबलं. काही नाही. गाडीला चिकटवून दाबलं. सयाजीराव म्हणाले, रुसली वाटतं. किल्लीनं दार उघडलं तर सायरन सुरू. पूर्ण सदरबझार गोळा. आपल्याच गाडीत चोरासारखा बसून होतो.

शेवटी सयाजीरावांच्या स्कूटरवर मागं बसून सेल शोधत फिरलो. रिमोटच्या पोटात करंगळीच्या पेराएवढा सेल असतो. बारा व्होल्टचा. ट्रान्झिस्टरचा चालत नाही, टॉर्चचा चालत नाही. पोवई नाक्यावर घड्याळाच्या दुकानात एकदाचा मिळाला.

घरी येऊन भाऊसोला ट्रंक कॉलसारखं ओरडून विचारलं, सेल वर्षभर जातो म्हणाला होतास ना? अजून महिना झाला नाही! म्हणाला, साहेब, बाकीच्यांचा जातो की. बाकीच्यांचा! म्हणजे दोष माझा. फोन आपटला. प्रियंका म्हणाली, पप्पा, फोनचं झाकण निघालं.

५ नोव्हेंबर, गुरुवार

परत गेला. दहा दिवस. दहा!

पोवई नाक्याला जाऊन त्या घड्याळवाल्याला झापलं. डुप्लिकेट माल विकतोस, अधिकाऱ्याला फसवतोस? तो म्हणाला, साहेब, ह्याच बॅचचा सेल मी माझ्या घरच्या बेलला घातलाय, गणपतीपासून वाजतोय. त्याच्या घरी कोण येतंय? म्हणून टिकला असेल. दुसरा घेतला. दुसरीकडं मिळत नाही म्हणून घेतला, विश्वास ठेवून नाही.

एक संशय. साहेबांच्या मीटिंगमध्ये मी खुर्चीत जरा सरकलो की बाहेर गाडी टुक म्हणते. परत सरकलो की टुक टुक. साहेबांनी दोनदा विचारलं, हे काय वाजतंय? मी म्हणालो, पोलीस वायरलेसचा इंटरफिअरन्स असावा. मुख्यालय जवळ आहे.

घरी सांगितलं तर नीलिमा म्हणाली, रिमोट पँटच्या खिशात असतो, पँट टाइट झालीय, तुम्ही हललात की बटण दाबलं जात असेल. पँट टाइट झालेली नाही. कापड आटलंय. बाई शाळेत विज्ञान शिकवते, पण इलेक्ट्रॉनिक्स वेगळं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरा सेल गेला. आता बास झालं. ग्राहक मंचात जाणार. भाऊसो, घड्याळवाला आणि रिमोट बनवणारी तैवानची कंपनी, तिघांनाही उभं करतो. भरपाई, मनस्ताप वेगळा.

पुरावा हवा. म्हणून मेलेले सेल फेकायचे नाहीत. कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत जमा करतोय. घड्याळवाल्याकडून तीन नवे घेतले (परत झापून). एक रिमोटमध्ये, बाकी त्याच डबीत. डबी गाडीच्या ड्रॉवरमध्ये. पुरावा आणि स्टॉक एकाच जागी. व्यवस्थितपणा हा माझा मूळ गुण.

नीलिमानं विचारलं, नवे कुठले आणि जुने कुठले, कसं कळणार? म्हणालो, माझ्या लक्षात असतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार

केरूदादाचा पलूसहून फोन. आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. पंचवीसला, बुधवारी, सकाळी नऊला हजर राहायचं. डॉक्टर त्याच दिवशी पुण्याहून येतात, गेलेली वेळ परत महिन्यानं मिळते.

मी म्हणालो, मी आदल्या दिवशी येतो, आईला घेऊन जातो. तो म्हणाला, भूषणा, न्हाई म्हंजे तुजी गाडी वाजत सुटती म्हनं मधीच. आक्कीला माज्या जीपमधनं नेतो की. तू मागनं निवांत ये. (आईला तो अजून लाडानं आक्की म्हणतो. ती तीन गल्ल्यांची आक्काताई आहे.)

त्याला हे कोणी सांगितलं? प्रियंकानं. पत्रात लिहिलं होतं म्हणे. तिला बोललो. ती रडली. नीलिमा मला बोलली.

केरूदादाला स्पष्ट सांगितलं, लहानपणी तू मला खांद्यावरून शाळेत नेलंस ते ठीक, पण आता मी मोठा झालोय. तो म्हणाला, व्हय व्हय, झालाच की. टोन मला आवडला नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार. पलूस

दुपारी निघताना रिमोटमध्ये नवाकोरा सेल. कऱ्हाडला चहा, संध्याकाळच्या आत पलूस. नीलिमानं रजा काढलीय, प्रियंका सातारला मैत्रिणीकडं.

आमच्या वस्तीत माझी गाडी शिरली म्हणजे काय! द्राक्षाच्या बागांतून परतणारी माणसं थांबली. समोरच्या सुलाबाई म्हणाल्या, आवं सायेब, ती बोलकी गाडी हीच व्हय? दाखवलं. त्यांच्या सुना आल्या. मग समाजमंदिरापाशी बसलेली मंडळी आली. एका म्हाताऱ्यानं स्वतः दाबून बघितलं आणि रिमोट काही केल्या परत देईना. दिवेलागणीपर्यंत हेच. वस्तीतला मुलगा साहेब झाला, गाडीवाला झाला, हे लोकांना बघायचं असतं. ते माझ्यासाठी नाही, समाजासाठी आहे.

आई आतून म्हणाली, आरं, त्या पाखराला जरा झोपू दी.

उद्याचा प्लॅन : सातला निघणे. आई मागच्या सीटवर, नीलिमा शेजारी. साडेआठला हॉस्पिटलच्या दारात. कागदांवर सही मी करणार. केरूदादा त्याची सकाळची फेरी घेऊन मागून येणार, हरकत नाही. येऊ दे.

२५ नोव्हेंबर, बुधवार. सांगली

फॅक्ट्स लिहितो. फक्त फॅक्ट्स.

वेळेवर निघालो. आईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, तरी माधवनगरपर्यंत उत्तम. तिथं रेल्वे फाटक बंद. मालगाडी येणार होती. इंजिन बंद केलं आणि किती वेळ लागेल ते विचारायला खाली उतरलो.

उतरल्यावर बटण दाबून लॉक केलं. ही माझी शिस्त आहे. आत माणसं असोत, नसोत, गाडी उघडी सोडायची नाही. गाडी टुक म्हणाली. जरा बारीक म्हणाली, पण म्हणाली.

मालगाडी येईना. आईला कोंडल्यासारखं झालं म्हणे. म्हणून नीलिमानं आतून खुंटी ओढली आणि दार उघडलं.

सायरन.

धावत आलो. बटण दाबलं. नाही. परत दाबलं. नाही. रिमोट बॉनेटवर आपटून दाबलं. नाही. तेवढ्यात मालगाडी गेली, फाटक उघडलं. पुढची वाहनं निघून गेली आणि मागं ट्रॅक्टर, एस.टी., दुधाची गाडी, सगळे हॉर्न. आत नीलिमानं आईचे कान दोन्ही हातांनी झाकलेले. आई ओरडून विचारत होती, पाखराला काय झालं रं?

मी डोकं शांत ठेवलं. ड्रॉवरमधून काळी डबी काढली. झाकण उघडून तळहातावर ओतली. सगळे सेल सारखे. रंग सारखा, अक्षरं सारखी. कुठला पुरावा आणि कुठला स्टॉक?

एकेक घालून बघायला सुरुवात केली. एस.टी.चा ड्रायव्हर उतरून आला आणि म्हणाला, पावनं, दुकान कडेला मांडा की. त्याच्याशी बोलताना हात हलला. एक सेल खाली पडून रस्त्याकडेच्या खडीत गेला. तोच नवा असणार. बाकीच्यांपैकी एकही चालला नाही.

आणि मग मागून केरूदादा आला. त्याची जीप रांगेतच होती. छपरावर पाट्या, मागं माणसं लोंबकळत. त्यानं मला काही विचारलं नाही. पॅसेंजरांना म्हणाला, उतरा रं, हात लावा. माझी गाडी ढकलून मिलच्या भिंतीकडेला नेली. ढकलताना सायरन चालूच. लोक हसत होते. मी त्यांचे चेहरे लक्षात ठेवलेत.

केरूदादा म्हणाला, भूषणा, पावणेनऊ झालं. आक्कीला न्हेतो. तू पन बस.

मी म्हणालो, गाडी अशी रस्त्यात टाकून? आत म्युझिक सिस्टीम आहे, नवे सीट कव्हर आहेत. किल्लीनं लॉक करता येतं, पण ते लॉक नव्हे. तुम्ही पुढं व्हा, मी भाऊसोला बोलावून गाडी चालू करून पंधरा मिनिटांत पोचतो.

नीलिमा म्हणाली, अहो, आईंचं ऑपरेशन आहे. मी म्हणालो, मला माहीत आहे, तारीख मला माहीत आहे. तिनं आईची पिशवी उचलली. आईला हाताला धरून जीपमध्ये चढवलं. पुढच्या सीटवर एक पैलवान बसला होता, तो उठून मागं लोंबकळायला गेला. आई कोणाला तरी म्हणत होती, माजा धाकटा हाय न्हवं का संगं? जीप निघून गेली. आवाजात कोणी उत्तर दिलं का, ऐकू आलं नाही.

समोरच्या पानपट्टीतून भाऊसोला फोन केला. दुकान दहाला उघडतं. दुकान उघडल्यावर म्हणाला, फिटर बाहेर गेलाय. दुपार झाली. तोवर मी गाडीत; सायरन कधीच दमून बंद पडला होता. जो येईल तो खिडकीत वाकून विचारणार, काय झालं? सगळ्यांना सांगितलं, तैवान. एकानं विचारलं, तिथं कोन असतं तुमचं?

शेवटी भाऊसो स्वतः आला. नवा सेल घातला, गाडी लगेच टुक टुक. मी इतका ओरडलो की मिलचा वॉचमन बाहेर आला. भाऊसोनं ऐकून घेतलं आणि विचारलं, साहेब, रागावू नका, दिवसातून किती वेळा दाबता? मी म्हणालो, तो माझा खाजगी प्रश्न आहे. गाडी तुझ्या दुकानात घे, ती सिस्टीम मुळापासून उपटून काढ. रिक्षा करून हॉस्पिटलला गेलो.

ऑपरेशन झालं होतं. आई पट्टी बांधून झोपलेली. सही केरूदादानं केली होती. बरंच झालं. दोन भावांपैकी एकानं गाडी सांभाळायची आणि एकानं आई, अशी कामाची विभागणी आपोआप झाली. नीलिमाला हे समजावून सांगितलं. ती उठून पाणी आणायला गेली, ती बराच वेळ आली नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार. सातारा

काल एस.टी.नं परत. नीलिमा आईबरोबर पलूसला राहिलीय. मला विचारलं नाही, कळवलं.

ऑफिसात सयाजीराव म्हणाले, आज टुक टुक नाही? मी म्हणालो, सर्व्हिसिंगला दिलीय. खिडकीतून पार्किंगकडं बघितलं. हात खिशात गेला. खिसा रिकामा.

२ डिसेंबर, बुधवार

ग्राहक मंचाचा मसुदा तयार. चार पानं. पहिल्या पानात कंपनी, दुसऱ्यात भाऊसो, तिसऱ्यात घड्याळवाला, चौथ्यात मनस्ताप. मनस्ताप लिहिताना फाटकातला प्रसंग आला. 'अर्जदाराच्या वृद्ध मातेस ऑपरेशनसाठी नेत असता' इथपर्यंत झकास झालं. पुढं 'अर्जदार' काय करत होता ते कायदेशीर भाषेत बसेना. चारदा लिहिलं, चारदा खोडलं. प्रियंका डोकावून म्हणाली, पप्पा, आजी मम्मीला म्हणाली म्हणे, भूषणला बोलावून घ्या. मी म्हणालो, मी कामात आहे.

तिला बोललो नाही. फक्त दार जोरात लागलं. वारा होता.

८ डिसेंबर, मंगळवार

भाऊसोचा फोन. सिस्टीम काढली, गाडी तयार. आता साध्या किल्लीनं उघडते. म्हणाला, साहेब, काढलेला रिमोट ठेवू का फेकू? मी म्हणालो, फेक! मग दोन मिनिटांनी परत फोन केला आणि म्हणालो, ठेव. पुरावा आहे.

तो म्हणाला, गाडी कधी नेता? मी म्हणालो, बघू.

१३ डिसेंबर, रविवार. पलूस

एस.टी.नं आलो. गाडी सांगलीतच आहे, ती जाताना घेईन किंवा नंतर घेईन.

सगळा प्रवास काय बोलायचं ते ठरवत होतो. तैवान, सेलची बॅच, ग्राहक मंच. क्रमवार.

आई दारात खुर्चीवर, काळा चष्मा लावून. मला बघून चष्मा वर केला. बराच वेळ बघत राहिली. मी शर्ट खाली ओढला. म्हणाली, भूषणा, किती जाड झालास रं. आन मिशीला काय चोपडलंयस, काळंभोर? सुलाबाई दारातून हसल्या. मी म्हणालो, ऑफिसात सगळेच लावतात.

नीलिमानं चहा आणला. मला बघून हसली नाही, पण साखर बरोबर होती. केरूदादा जीपखालून ग्रीसचे हात पुसत आला आणि पायरीवर बसला.

मी बोलायला सुरुवात केली. म्हणालो, आई, त्या दिवशी काय झालं माहिताय का, तो सेल असतो ना...

आईनं ऐकलं नाही. माझा हात धरून म्हणाली, मला आत न्हेताना लय भ्या वाटलं रं. डोळ्यात सुई टोचत्यात. तवा तुला हाका मारल्या. केरू म्हनला, भूषन हितंच हाय, दाराभाईर, गाडी लावून आलाय, आत यिऊ देत न्हाईत. मग म्हनलं, असू दी. दोगंबी हाईत. मग गप पडून ऱ्हायले.

मी केरूदादाकडं बघितलं. तो नखातलं ग्रीस काढत होता.

आईनं विचारलं, लय वेळ हुबा हुतास व्हय?

व्हय आई, म्हणालो. भाईरच हुतो.